खर्रा, गालातला पांढरा चट्टा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या

वैनगंगाकाठ

ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे माझ्या मोठ्या भावाबद्दल आहे. त्याला विचारूनच लिहितो आहे.

दादा वीस-बावीस वर्षांपासून खर्रा खातो. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा. रोवणीच्या दिवसांत सकाळी बांधीत उतरलेला माणूस संध्याकाळपर्यंत सात-आठ पुड्या सहज संपवतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास दादाच्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, तिखट लागलं की आग व्हायची तेवढीच. तालुक्याच्या एका औषधाच्या दुकानात त्याने तोंड उघडून दाखवलं आणि तिथून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेऊन आला. “यानं जाते म्हणे.”

आणि चट्टा खरंच गेला. दिवाळीनंतर मी टॉर्च लावून पाहिलं, तर गाल जवळजवळ स्वच्छ होता. खर्रा सुरूच होता, तरीही. मला बरं वाटलं आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं. संक्रांतीच्या आसपास गोळ्या संपल्या, त्याने पुन्हा आणल्या नाहीत. होळीपर्यंत चट्टा त्याच जागी परत आला, या वेळी खरखरीत आणि मधेमधे लाल. मग नागपूरला नेलं. तुकडा काढून तपासला. रिपोर्टात मध्यम डिस्प्लेसिया आला. म्हणजे कर्करोग नाही, पण पेशी त्या वाटेला लागलेल्या. चट्टा कापून काढला, टाके पडले, दादा आता बरा आहे.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. गोळीने चट्टा गेला कसा? आणि गेला होता तर परत का आला? मला सापडलेली सगळ्यात जुनी गोष्ट १९२५ची आहे. हार्वर्डमध्ये वोलबाख आणि हाऊ यांनी उंदरांना ‘अ’ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. श्वासनलिकेचं मऊ, ओलसर अस्तर जाऊन तिथे कातडीसारखं कोरडं, टणक अस्तर तयार झालं. म्हणजे हे जीवनसत्त्व फक्त डोळ्यांचं नाही, अस्तराच्या पेशींनी काय व्हायचं हेही ते ठरवतं. इथून पुढचं कोणी समजावून सांगेल का?

पऱ्हाटी

सर, मी बी खर्रा खातो, खोटं कायले बोलू. पंधरा वर्सं झाले. मले एक सांगा, गोळीनं चट्टा जाते तं मंग गोळी चालूच ठेवाले काय हरकत हाये? आमच्या गावात दोघंतिघं खाऊन रायले. आन् मी तं गाजर, पपई, शेवग्याची भाजी सगळं खातो, तरी मले काहून व्हावं?

पेशीघर

मी मूळ आर्वीकडचा, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करतो. माझ्या रोजच्या कामातला विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पऱ्हाटीभाऊ, तुमच्या प्रश्नाकडे येतोच.

आपण खातो ते ‘अ’ जीवनसत्त्व यकृतात साठतं. तिथून रेटिनॉलच्या रूपात रक्तातून पेशीपर्यंत पोचतं आणि पेशीत त्याचं रेटिनॉइक आम्ल होतं. खरं काम हे आम्ल करतं. ते पेशीच्या केंद्रात जाऊन एका ग्राहक प्रथिनावर बसतं. या ग्राहकाला आरएआर म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार आहेत: आरएआर अल्फा, बीटा आणि गॅमा. स्ट्रासबर्गचे पिएर शाँबाँ आणि अमेरिकेतले रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांना पहिला ग्राहक १९८७मध्ये सापडला, दोघांनाही स्वतंत्रपणे. ग्राहक डीएनएवर आधीच ठाण मांडून बसलेला असतो आणि जवळची जनुकं बंद ठेवतो. आम्ल येऊन बसलं की त्याचा आकार बदलतो, बंद ठेवणारी प्रथिनं सुटतात, चालू करणारी येऊन लागतात. मग शेकडो जनुकांचं काम बदलतं.

म्हणजे रेटिनॉइक आम्ल हे औषध पेशीला मारत नाही, तिला निरोप देतं: आता वाटत राहू नकोस, मोठी हो, तुझं ठरलेलं काम कर. विभाजनाच्या आधी पेशी जिथे थबकते त्या टप्प्यावर तिला अडवलं जातं. विभाजनाला पुढे ढकलणारं सायक्लिन डी-१ हे प्रथिन कमी होतं, पी-२१सारखे ब्रेक वाढतात.

माझ्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगतो. रेटिनॉइक आम्ल उजेडाला फार नाजूक असतं, म्हणून खोलीतले दिवे मालवून पिवळ्या उजेडात काम करतो, नळीला चांदीचा कागद गुंडाळतो. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशी, उदाहरणार्थ एस-के-बी-आर-३, बिनऔषधाच्या डब्यात गोल गोल, एकमेकींपासून सुट्या, तळाला जेमतेम टेकलेल्या असतात. औषध घातलेल्या डब्यात तीन-चार दिवसांनी पाहिलं तर त्याच पेशी पसरट झालेल्या, कडेला कड लावून बसलेल्या. संख्याही कमी. त्यांना तळापासून सोडवायला आम्ही ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर घालतो, सोबत कॅल्शियम काढून घेणारं द्रव्य. बिनऔषधाच्या पेशी हलवलं की सुटतात. औषधाच्या पेशींसाठी घड्याळ बघत थांबावं लागतं, आणि सुटतात तेव्हाही कपड्याच्या चिंधीसारख्या एकत्र सुटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डबा हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

आता गोळी चालू ठेवायची की नाही. केरळमध्ये हाच प्रयोग माणसांवर झाला, १९९७मध्ये छापून आला. तोंडात पांढरे चट्टे असलेल्यांना वर्षभर दर आठवड्याला ३ लाख युनिट ‘अ’ जीवनसत्त्व दिलं. ५२ टक्के लोकांचा चट्टा पूर्ण गेला. बीटा कॅरोटीनवर ३३ टक्क्यांचा आणि नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर १० टक्क्यांचा. पण औषध थांबवल्यावर ‘अ’ जीवनसत्त्वाने बरे झालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा चट्टा परत आला. सर, तुमच्या दादाचं हेच झालं. निरोप येत होता तोवर पेशींनी ऐकलं. पेशींतला बिघाड, डीएनएला झालेली इजा, ती जशीच्या तशी राहिली होती. आणि बिघाड करणारा खर्रा रोज तोंडात जातच होता.

सिस्टरताई

पऱ्हाटीभाऊ, गोळी चालूच ठेवायला काय हरकत, याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रावर आहे.

आम्ही लेकरांना ‘अ’ जीवनसत्त्वाचं औषध पाजतो. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, मग सोळा ते अठराव्या महिन्यात २ लाख, पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत असे नऊ डोस. तेसुद्धा तारीख बघून, चमचा मोजून, कार्डावर लिहून. कारण जास्तीचं ‘अ’ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत जातं. महिनोन्महिने जास्त घेतलं तर डोकं दुखतं, उलट्या होतात, ओठ फाटतात, कातडी सोलते, केस गळतात, हाडं ठिसूळ होतात, यकृत खराब होतं. तुमच्या गावातले ते दोघंतिघं दारूही घेत असतील तर यकृतावर दुहेरी मार. त्यांना भेटा आणि थांबवा.

गाजर-पपईचं मात्र बिनधास्त चालू ठेवा. भाजीतलं कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं. फार खाल्लं तर तळहात पिवळे पडतील, बाकी काही नाही. कोहळं, तरोट्याची भाजी, शेवगा, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं खा. फक्त भाजी खाल्ली म्हणून खर्रा चालतो असं नका समजू.

वैनगंगाकाठ

पेशीघर, सिस्टरताई, मनापासून आभार. आज दहावीच्या वर्गात हा विषय काढला. पेशी एकमेकींना चिकटतात हे सांगितल्यावर एका मुलीने हात वर केला. “सर, कॅन्सर चिकटला तं वाईटच न? चिकटल्यावर तो जाईल कसा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला उद्या सांगतो म्हणालो आहे.

पेशीघर

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या लोकांनाही वर्षानुवर्षं पडलेला आहे.

चिकटणं एका प्रकारचं नसतं. पहिलं, शेजारणीला धरून ठेवणं. अस्तराच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरतात. कॅल्शियम असलं तरच ती पकड बसते. कर्करोगाची पेशी पसरायला निघते तेव्हा बहुतेक वेळा आधी हीच पकड सैल होते. दुसरं, पायाखालच्या जमिनीला धरणं. अस्तराच्या खाली लॅमिनिन आणि कोलॅजेनचा पातळ पडदा असतो, त्याला पेशी इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरतात. पसरणाऱ्या पेशीला नव्या जागी रुजायलाही हेच लागतं. मुलीची भीती या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे आणि ती खरी आहे.

धानाच्या बांधीचं उदाहरण द्या. पाणी बांधीत राहतं ते धुऱ्यामुळे, म्हणजे कडेच्या बांधामुळे. खेकड्यांनी धुरा पोखरला की पाणी खालच्या शेतात जातं. कर्करोगाच्या पेशी कोलॅजेन तोडणारी, कोलॅजेनेजसारखी विकरं सोडतात आणि खालचा पडदा असाच पोखरतात. ही विकरं तयार करायला लावणारा एपी-१ नावाचा एक स्विच आहे. रेटिनॉइक आम्ल बसलेला ग्राहक तो दाबून धरतो. म्हणजे शेजारणींची पकड घट्ट होते आणि पोखरणं कमी होतं.

बेल्जियममधल्या घेंट इथल्या गटाने हे फार सुंदर दाखवलं. कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा इवलासा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या शेजारी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी ठेवायच्या. एमसीएफ-७ पेशींची एक घुसखोर जात त्या तुकड्यात शिरते, तो खाऊन टाकते. रेटिनॉइक आम्ल घातलं की शिरत नाही. १९९५मध्ये त्यांनी छापलं की या पेशींत ई-कॅडहेरिन आधीपासून होतंच, ते नुसतं निकामी होऊन बसलं होतं. औषधाने ते कामाला लागलं.

एक गोष्ट मात्र तिच्यापासून लपवू नका. सगळ्या पेशी असं वागत नाहीत. काही जातींत इंटिग्रिनं वाढतात, काहींत घटतात. काही पेशींत रेटिनॉइक आम्ल वाहून नेणारा हमालच वेगळा असतो. तो त्याला दुसऱ्याच ग्राहकाकडे नेऊन सोडतो आणि पेशी थांबायच्या ऐवजी जोमाने वाढते. हे २००७मध्ये दाखवलं गेलं. निरोप तोच, पण कोणाच्या हाती पडला त्यावर सगळं अवलंबून. आणि अनेक कर्करोगांत आरएआर बीटाचं जनुक डीएनएवर मिथाइलचे गट बसून बंद पडलेलं असतं. मग निरोप आला तरी ऐकणाराच नाही.

मोहफूल

इथे कधी लिहीत नाही, पण आज लिहितो. गोंदिया जिल्ह्यातला आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तेरा वर्षांचा होता. अंगावर निळे डाग, मार लागल्यासारखे. मास्तरांनी विचारलं, घरी कोणी मारतं का. दोन दिवसांत नाकातून रक्त थांबेना. मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी रात्रीच सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे, एपीएल नावाचा, गोळी आत्ताच सुरू करायची, पुढच्या रिपोर्टाची वाट नाही बघायची. ती गोळी ट्रेटिनोइनची. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाले, ‘अ’ जीवनसत्त्वाचंच एक रूप समजा. मला राग आला होता. पोराचं रक्त जातंय आणि हे जीवनसत्त्व देतात, असं वाटलं.

चार-पाच दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबलं. सोबत सलाइनमधून आर्सेनिक दिलं. आमच्याकडे त्याला सोमल म्हणतात. माझी आई हे ऐकून रडायला लागली होती. मधे एकदा ताप आला, श्वास लागला, अंगावर सूज, वजन वाढलं. पेशी एकदम मोठ्या व्हायला लागल्या की असं होतं म्हणाले. दुसरं औषध देऊन ते आटोक्यात आणलं. आता पोरगा अकरावीला आहे, सायकलने कॉलेजला जातो. मला एवढंच विचारायचं आहे, माझ्या पोराला ज्याने जीवदान दिलं ते सरांच्या दादाला का पुरलं नाही?

पेशीघर

मोहफूलदादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलाला खूप आशीर्वाद.

एपीएलमध्ये बिघाड एका नेमक्या जागी असतो. १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि आरएआर अल्फाचं जनुक पीएमएल नावाच्या दुसऱ्या जनुकाला जोडलं जातं. म्हणजे बिघडलेला भाग म्हणजे रेटिनॉइक आम्लाचा ग्राहकच, आणि तुमच्या मुलाची ट्रेटिनोइनची गोळी म्हणजे हेच आम्ल. तो जोडग्राहक शरीरातल्या नेहमीच्या प्रमाणाला दाद देत नाही, जनुकं बंद धरून ठेवतो, आणि पांढऱ्या पेशी पोरवयातच अडकतात. औषधाचा मोठा डोस दिला की कुलूप निघतं आणि त्याच पेशी मोठ्या होऊन, आपलं आयुष्य संपवून, आपसूक मरतात. शांघायच्या वांग झेन्यी यांच्या गटाने १९८८मध्ये २४ रुग्णांची हकीकत छापली, सगळ्यांचा आजार ओसरला होता. पण नुसत्या या औषधावर तो अनेकांत काही महिन्यांत उलटला. दादाच्या चट्ट्यासारखाच. म्हणून सोबत दुसरं औषध लागतं. सोमलाचा उपयोगही चीनमध्येच सापडला. ते त्या जोडग्राहकाच्या पीएमएलच्या बाजूला धरून त्याचा नाश घडवतं. ज्या रुग्णांत धोका फार नाही त्यांना ही दोन औषधं मिळून केमोथेरपीशिवाय पुरतात, हे २०१३मध्ये इटली आणि जर्मनीतल्या चाचणीत ठरलं.

खर्र्याने झालेल्या चट्ट्यात असं एक कुलूप नसतं. वीस वर्षांत शेकडो ठिकाणी झालेली मोडतोड असते, प्रत्येक पेशीत वेगळी. एक किल्ली त्याला कशी पुरणार?

दंतवैद्य भंडारा

दोन गोष्टी जोडतो. तोंडाच्या चट्ट्यांवर तीव्र रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध, देण्याचा प्रयोग अमेरिकेत १९८६ सालीच झाला होता. २४ पैकी १६ जणांना गुण आला, खोट्या गोळीवर २० पैकी २ जणांना. औषध बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त लोकांचा चट्टा परतला. ओठ फाटणं, कातडी सोलणं हा त्रास वेगळाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चट्टा फिका पडला म्हणून आतला डिस्प्लेसिया गेला असं नसतं. गोळीने वरचा पांढरेपणा गेला की आम्हाला तुकडा नेमका कुठून घ्यायचा हेच कळत नाही. म्हणून आधी तुकडा तपासायचा, मग बाकीचं. दोन आठवड्यांत न गेलेला कोणताही पांढरा किंवा लाल चट्टा दाखवायला या. लाल जास्त घातक. आणि तोंडात तीन बोटं उभी जातात का ते बघा. सुपारीने गालाखालचे धागे कडक होतात आणि तोंड उघडायचं कमी होत जातं. त्यावर ‘अ’ जीवनसत्त्व काही करत नाही.

पऱ्हाटी

बोटं लावून पायलं. दोनच जातात. तिसरं अर्धं.

आन् एक विचारतो. माहा भाचा नागपुरात नोकरीले हाये, तो बीटा कॅरोटीनच्या इंपोर्टेड गोळ्या आनून देतो म्हनते. भाजीतलंच असते तं ते तरी घेऊ का?

पेशीघर

नका घेऊ, भाऊ. हा सगळ्यांना वाटलेला विचार होता आणि तो मोठ्या चाचण्यांत उलटा पडला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे १९९४चं. अमेरिकेत १८,३१४ जणांवर बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र देऊन पाहिलं, तिथे २८ टक्क्यांनी जास्त. ती चाचणी १९९६मध्ये मुदतीच्या २१ महिने आधी बंद करावी लागली. ते सगळे विडी-सिगारेटवाले किंवा अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले होते. तंबाखूने ज्यांच्या पेशी आधीच दुखावल्या आहेत त्यांनी ही गोळी लांब ठेवावी.

दंतवैद्य भंडारा

पऱ्हाटीभाऊ, दोन बोटं म्हणजे खर्रा थांबवायची वेळ झाली. कापसाची वेचणी संपायची वाट बघू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना या आठवड्यात दाखवा. सेवाग्रामला जाता येत असेल तर तिथे जा. खर्रा आज बंद, सुपारीसकट. नुसता तंबाखू सोडून गोड सुपारी धरणारे मी खूप पाहिले. सुपारी स्वतःच कर्करोग घडवते.

पऱ्हाटी

गुरुवारी जातो. बायकोले सांगतलं, तेही येते म्हनाली.

सिस्टरताई

वैनगंगाकाठ सर, मघापासून एक गोष्ट मनात आहे. दादांच्या उरलेल्या कॅप्सूल कुठे आहेत? घरात गरोदर बाई किंवा नुकतं लग्न झालेली सून असेल तर त्या तिच्या हाती लागू देऊ नका. रेटिनॉइक आम्ल हेच गर्भाला हात-पाय, हृदय, चेहरा घडवायचा निरोप देतं. नको त्या वेळी जास्त झालं तर बाळात व्यंग येतं. मुरुमांवर देतात त्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांचंही तसंच, त्या चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात. आमच्याकडे बाया ताकदीची म्हणून कोणतीही गोळी एकमेकींना देतात, म्हणून विचारते.

वैनगंगाकाठ

सिस्टरताई, तुमचं वाचून लगेच दादाच्या घरी गेलो. होळीनंतर आम्ही सगळे नागपूरच्या धावपळीत होतो, त्या बाटलीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मला वाटत होतं गोळ्या संपल्या. संपली होती ती एक बाटली. दुसरी अर्धी भरलेली होती, स्वयंपाकघरात फळीवर, मिठाच्या बरणीमागे. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “सुनेले संध्याकाळचं अंधुक दिसते म्हनते, तं उद्यापासून देणार होती.” सुनेला तिसरा महिना आहे. एकही गोळी दिलेली नव्हती, हे मी तिला दोनदा विचारून घेतलं.

बाटली घेऊन आलो. उद्या शाळेत जाताना आमच्या उपकेंद्रावर ठेवणार आहे, आणि सुनेला अंधुक दिसतं हे तिथल्या ताईंना सांगून तिची तपासणी ठरवणार आहे. दादाची पुढची तपासणी १२ तारखेला आहे. त्याची तीन बोटं जातात, आत्ताच पाहून आलो.